पाण्यापासून सहकार्याचा धडा

पिशोरच्या परिसरांत डोंगर आहेत. त्यांवरून उतरणारें पाणी कोणाच्याहि शेताची हद्द पाहत नाहीं. तें न अडविल्यास वरच्याची माती वाहून जाते व खालच्याची विहीर लवकर आटते. म्हणून पाण्याचें काम एकट्याचें नव्हे, हें आपण प्रथम ध्यानांत घेऊं.

आपल्या जिल्ह्यास लागून असलेल्या जालना जिल्ह्यांतील कडवंची गांव पाहा. तेथें १९९६ ते २००२ ह्या काळांत भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचें काम झालें. पैसा जर्मन सरकारचा, व्यवस्था नाबार्ड बँकेची व मार्गदर्शन मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचें. परंतु श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी ह्या अटी गांवकऱ्यांनींच पाळावयाच्या होत्या. अशा कामांत प्रथम माथ्यावर चर, मग शेतांस बांध व शेवटीं ओढ्यावर बंधारे घालितात. पुढें कडवंची शेततळीं व द्राक्षबागा ह्यांसाठीं प्रसिद्ध झालें.

ह्यांत एक कठीण गोष्ट आहे. चराईबंदीचा भार शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनावर आधीं पडतो. विहिरीचें पाणी मात्र जमीनवाल्यास मिळतें. दूरचें राष्ट्र पैसा देईल, पण हा न्याय गांवानेंच केला पाहिजे. भूमिहीनास कापलेल्या चाऱ्याचा वाटा व कामाची मजुरी मिळाली, तरच आम्ही त्यास सहकार्य म्हणूं.

प्रश्न: आपल्या गांवीं असें काम निघाल्यास तोटा प्रथम कोणास होईल? त्यास आपण सभेंत बोलाविलें आहे काय?