कमी चाललेली जुनी गाडीच घ्यावी का?

प्रश्न : साडेचार लाखांत जुनी सेडान घ्यायची आहे. २०१६ची सियाझ फक्त ३५ हजार किलोमीटर चालली आहे. त्याच वर्षाची सिटी ८० हजार, पण स्वस्त. कमी चाललेलीच घ्यावी ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मीटरचा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून एवढ्यावरच ठरवू नका. नोंदणी क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुनी सर्व्हिसिंगची नोंद मिळते का पाहा. मालकाला सोबत न्या. क्लच-ब्रेकची पेडलं घासलेली आणि मीटर ३५ हजारांवर, तर संशय घ्या. आकडा खरा असला तरी वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे टायर, बॅटरी, रबरी नळ्या खराब होतात. टायरवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नियमित सर्व्हिसिंग झालेली ८० हजारांची पेट्रोल सिटी मी बिनधास्त घेईन.

सकाळी इंजिन थंड असताना चालवून पाहा. ओळखीच्या मेकॅनिकला चार पैसे द्या, पण गाडी त्याला दाखवाच. दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल गाडी मात्र टाळा. तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला रस्ता कर यांत स्वस्ताई संपते.

फॉर्म २९ आणि ३०वर मालकाची सही घ्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ही हवा. विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करा. आरसी आणि चासी क्रमांक जुळल्याशिवाय बयाणा देऊ नका.