चिलापी ओळखू या



आमची शाळा बुधवार पेठेत, मुठा नदी जवळच. परिसर अभ्यासात ‘आपल्या नदीतले मासे’ विचारलं, की मुलं पटकन सांगतात, “चिलापी!” पण हा मासा मूळचा आफ्रिकेतल्या नद्यांमधला. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. आज भीमेवरच्या उजनी जलाशयातही चिलापी भरपूर सापडते.

मासळी बाजारात रोहूशेजारी ठेवून मुलांना तीन खुणा बघू द्या :

१. पाठीवरचा पर लांब, पुढच्या भागात टोकदार काटे. रोहूचा पर आखूड, काट्यांशिवाय.
२. अंगावरची बारीक रेघ मध्येच तुटते आणि थोडी खाली पुन्हा सुरू होते. रोहूची रेघ सलग.
३. प्रत्येक बाजूला नाकपुडी एकच. रोहूला दोन-दोन.

चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जास्त वाचतात. मग स्थानिक माशांना अन्न आणि जागा कमी पडते.

मात्र मुलांना ‘वाईट मासा’ असं शिकवू नका. तो आपणहून आला नाही, माणसांनीच आणला. म्हणून एक गोष्ट घरी नक्की पाळा : काचेच्या टाकीतले मासे कधीही नदीत सोडू नका.