काणीचा चाबूक दिसण्याआधी

उसाच्या शेंड्यातून पोंग्याच्या जागी चाबकासारखा काळा पट्टा बाहेर पडला की काणी ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. सुरुवातीला पट्ट्यावर चंदेरी, पातळ पापुद्रा असतो. तो फाटला की आतली काजळीसारखी भुकटी वाऱ्यावर उडते. ही भुकटी म्हणजे स्पोरिसोरियम सायटॅमिनियम या बुरशीचे बीजाणू. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ येथे १८७७ साली या रोगाची प्रथम नोंद झाली.

पट्टा दिसतो तेव्हा रोग जुना झालेला असतो. उभ्या उसाच्या डोळ्यावर पडलेला बीजाणू तिथेच रुजतो, तंतू डोळ्यात शिरतात आणि डोळा फुटेपर्यंत गप्प बसतात. तोवर ऊस दिसायला ठणठणीत. अशा उसाची टिपरी लावली किंवा तोडीनंतर खोडवा ठेवला की कोंबाबरोबर बुरशीही वाढू लागते. बेटात गवतासारखे बारीक फुटवे येतात, पाने अरुंद आणि ताठ होतात, दोन ते चार महिन्यांत पट्टे डोके काढतात. गवताळ वाढीतही बेट असेच दिसते. मात्र तो फायटोप्लाझ्माचा रोग, त्यात पाने पांढुरकी पडतात आणि पट्टा येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या शेतात काणी आली ती बेण्यातूनच. बेणे शेजारच्या खोडव्यातले होते: कांड्या जाड, डोळे फुगीर, वाहतुकीचा खर्च नाही. त्या खोडव्यातली काही बेटे उन्हाळ्यात उपटावी लागल्याचे ठाऊक होते, त्याकडे काणाडोळा झाला. लावणीच्या घाईत बेणेप्रक्रियाही राहिली. पुढे पट्टे दिसले, तेव्हा ते भर दुपारच्या वाऱ्यात उघड्या हातांनी मोडून बांधावर टाकले गेले. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडली. आधी मोजकी बेटे रोगट होती; खोडव्यात ती सरीसरीला दिसू लागली आणि अखेर खोडवा मोडावा लागला.

पट्टा काढण्याची रीत अशी: सकाळी वारा पडलेला असताना त्यावर ओली पिशवी अलगद चढवून पट्टा कापावा, मग बेट मुळासकट खणून जाळावे. नुसता पट्टा कापून भागत नाही, कारण बुरशी बेटात उरते आणि नवे पट्टे येतात. लावणीनंतर काही महिने आठ-दहा दिवसांनी फेरी हवीच. पाण्याचा ताण पडलेल्या उसात आणि खोडव्यात ती अधिक बारकाईने करावी.

खरा बंदोबस्त मात्र बेण्यात आहे. बेणे स्वतंत्र बेणेमळ्यातले, दहा-अकरा महिन्यांचे घ्यावे. खोडव्याचे कधीच नको. टिपऱ्या १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून दहा ते पंधरा मिनिटे बुडवतात. त्याने पृष्ठभागावरचे बीजाणू मरतात, डोळ्याच्या आत दडलेल्या तंतूंपर्यंत औषध पुरते पोचत नाही. त्यासाठी उष्णताच लागते: ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास. हे यंत्र शेतकऱ्याच्या दारात नसते. म्हणून मूलभूत बेण्यावर अशी प्रक्रिया करून पुढे पायाभूत आणि प्रमाणित बेणे वाढवतात. तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे. को ७४० सारखी काणीला लवकर बळी पडणारी जात टाळावी आणि रोगट प्लॉटचा खोडवा न ठेवता तिथे दुसरे पीक घ्यावे.