कुणी बघत नाहीये ना?

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर आहे आणि शुक्रवारी रात्री मॅजेस्टिक बसस्थानकाची गर्दी बघितली, की अर्धं शहर ती उंची उतरायला निघालंय असं वाटतं. त्या गर्दीत मीही असते. कधी गोकर्णाची रात्रीची बस, कधी मंगळूरकडून वळसा घालून जाणारी पंचगंगा एक्स्प्रेस. कुणी विचारलं तर गोकर्णाच्या महाबळेश्वराच्या दर्शनाला चाललेय म्हणून सांगते. ते खोटं नाही, पण सगळं खरंही नाही. अंगावर एकही कपडा न ठेवता एकदा तरी समुद्रात उतरायचं, ही माझी जुनी इच्छा. त्यासाठी मी बरीच वर्षं माणसाचा मागमूस नसलेला किनारा शोधत होते. त्या शोधात जे कळलं, ते हे असं.

१. अशी इच्छा तोंडातून बाहेर पडायला पन्नाशी यावी लागते. लहानपणी मे महिन्यात वेंगुर्ल्याला आई, मावशी, काकू साडीसकट समुद्रात उतरायच्या. भिजलेली साडी अंगाला चिकटली की तिने काय झाकलं नि काय नाही, हे बोलायचं नसतं. साडी होती एवढं पुरे. बाहेर आल्यावर एकीने पंचा धरून आडोसा करायचा, दुसरीने त्यामागे कपडे बदलायचे आणि बदलताना दर दोन मिनिटांनी विचारायचं, ‘कुणी बघत नाहीये ना?’ पोहणं थोडं आणि पहारा फार. आमच्या पिढीने साडीच्या जागी लेगिंग आणली, प्रश्न तोच ठेवला. एकदा धीर करून मी मनातलं मैत्रिणीला सांगितलं. वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, ‘अगं, मलाही!’ आता आम्ही दोघी एकत्र जातो. आमच्या ह्यांना मात्र अजून दर्शनाचंच कारण सांगितलेलं आहे.

२. निर्जन किनारा नकाशावर असतो, आपण पोचेपर्यंतच. गोकर्णाच्या दक्षिणेला किनाऱ्यांची रांगच आहे. गावचा मोठा किनारा, मग कुडले, मग ॐ, मग हाफ मून, मग पॅरडाइज. एकेक टेकडी ओलांडावी तशी माणसं कमी होतात. ॐ किनाऱ्यापासून पुढे जांभ्या दगडाच्या कड्यावरून पायवाट जाते. डाव्या हाताला झाडी, उजव्या हाताला खाली समुद्र, आणि घसरलं तर धरायला फारसं काही नाही. हाफ मूनला पोचलो तेव्हा खरंच कुणी नव्हतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, चपला काढल्या, आणि तेवढ्यात टेकडीआडून मोटरबोट आली. नारिंगी लाइफ जॅकेटं घातलेली पोरं उतरली, सगळ्यांचे मोबाइल वर. त्यातला एक तर आमच्याच व्हाइटफील्डचा निघाला! त्याने आम्हाला ‘आंटी’ म्हटलं आणि ग्रुप फोटो काढायला सांगितला. काढला बापडा.

३. कपडे उतरवणं हे कुठे आहात त्यावर ठरतं, आणि ते ठिकाण आपण ठरवत नाही. महाबळेश्वराच्या देवळात पुरुषांनी शर्ट काढूनच आत जायचं; तिथे उघडं अंग म्हणजे आदर. तिथून थोडं चाललं की समुद्र, आणि तिथलं शास्त्र उलटं. गोव्यापासून इथपर्यंत किनाऱ्यांवर नग्नतेला मनाई आहे. भारतीय न्याय संहितेचं २९६ कलम, म्हणजे जुनं २९४, सांगतं की सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी त्यातल्या ‘इतरांना त्रास’ या अटीत पळवाट शोधत बसायचे. इतर नसतीलच, तर त्रास कुणाला? मग २०२० साली मॉडेल मिलिंद सोमणने पंचावन्नाव्या वाढदिवशी गोव्याच्या किनाऱ्यावर उघड्याने धावतानाचा फोटो टाकला आणि कोलवा पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. मधू सप्रेबरोबरच्या बुटांच्या १९९५ च्या विवस्त्र जाहिरातीवरून त्याने आधीच चौदा वर्षं खटला सोसला होता. सुटका २००९ साली. या वेळी किनारा मोकळा असेलही, पण फोटोने सारा देश तिथे आणून उभा केला. माझी पळवाट तिथेच बुजली. हल्ली निर्जन म्हणजे जिथे मोबाइलही नाही अशी जागा, आणि आमचे मोबाइल तर आमच्याच पिशवीत होते.

४. लाज अंगात नसते, बघणाऱ्याच्या डोळ्यांत असते. हे वाक्य मी अनेकदा वाचलं होतं. कळलं ते गोकर्णाच्या बाजारात. तिथे हालक्की समाजाच्या बायका भाजी, फुलं घेऊन बसतात. जुन्या बायका ब्लाऊज घालत नाहीत. खांद्यावरून वळवून बांधलेली साडी आणि गळ्यात काळ्या-पिवळ्या मण्यांच्या इतक्या माळा, की छाती त्यांनीच झाकली जाते. एकीकडून मी अळूची पानं घेत होते. ती देठं दोऱ्याने बांधत होती आणि माझं लक्ष तिच्या उघड्या खांद्यांवर. तिचं लक्ष माझ्या सुट्या पैशांवर. याच पेहरावात, अनवाणी पायांनी, हालक्कींपैकीच वृक्षप्रेमी तुळसी गौडा २०२१ साली राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला गेल्या होत्या. कपड्यांच्या बाबतीत आपण मोकळे आणि गावातली माणसं जुन्या वळणाची, हा शहरी समज मी बंगळुरूहून बरोबर घेऊन गेले होते. परत आणला नाही.

५. आपण काही फार पुढचं करतोय, असं वाटलं की इतिहास चाळावा. १८९१ साली ठाण्यात क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने विवस्त्र राहणाऱ्यांचा संघ काढला होता. सभासद तीन, त्यांतला एक तो स्वतः. आपल्या संघाची हकिगत तो इंग्लंडातले लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना पत्रांतून कळवायचा. पुढे त्याची रत्नागिरीला बदली झाली आणि संघ बारगळला. जगातला अशा प्रकारचा पहिला ज्ञात संघ म्हणून आज त्याचं नाव घेतात. विवस्त्र वावरासाठी ओळखल्या जाणाऱ्या जर्मनांनाही आपण मागे टाकलं, तेही ठाण्याहून! पण साहेबाचं एक सोपं होतं. त्याच्याकडे बघायची टाप कुणाची? त्याहून धीराचे आपले रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ पासून ते गेले त्या १९५३ सालापर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र छापलं, नग्नतेत अश्लील काही नाही असं मराठीत लिहिलं आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरला, मासिक चालू ठेवलं. त्यांच्यासमोर माझं निर्जन किनारा शोधणं म्हणजे अगदीच चोरून खाल्लेली चिंच.

६. नग्नता पवित्र की अपवित्र, हा वाद फसवा आहे; ती कुणाच्या मर्जीने, हे आधी विचारावं. बंगळुरूहून काही तासांवर श्रवणबेळगोळ. बाहुबलीची सत्तावन्न फुटी मूर्ती, आणि तिच्या पायाशी मराठीच्या अत्यंत जुन्या शिलालेखांपैकी एक. विवस्त्र पावलांशी आपल्या भाषेतली अक्षरं कोरलेली आहेत, आणि तिथे डोकं टेकणाऱ्या लाखोंपैकी कुणाला संकोच वाटत नाही. मी भारावून परतले. पण याच राज्यात, शिवमोग्गा जिल्ह्यात, चंद्रगुत्तीचं रेणुकेचं देऊळ आहे. नवस फेडायला बायकांनी वरदा नदीत बुडी मारून तसंच विवस्त्र देवळापर्यंत जायचं, ही तिथली जुनी प्रथा. त्यांत बहुतेक दलित आणि मागास जातींच्या बायका, आणि बघायला जत्रा जमलेली. १९८६ साली दलित संघर्ष समितीचे कार्यकर्ते आणि पोलीस ते अडवायला गेले, तर जमावाने त्यांनाच मारहाण करून विवस्त्र केलं, महिला पोलिसांनासुद्धा. त्यानंतर प्रथेवर बंदी आली. हे वाचल्यापासून ‘निसर्गाच्या कुशीत मुक्त होणं’ वगैरे शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाहीत. कपडे उतरवण्यात मुक्ती वाटायला ते न उतरवण्याची मुभा आधी लागते. ती मला जन्मापासून होती, म्हणून तर मला ही हौस परवडली.

७. शेवटी इच्छा पुरी झाली ती भलतीकडेच, आणि तीही भर लोकांत. जर्मनीत शिकणाऱ्या लेकीबरोबर ग्रीसला गेले होते. क्रीटच्याही दक्षिणेला गाव्दोस नावाचं चिमुकलं बेट आहे, युरोपचं दक्षिण टोक. वस्ती शे-दोनशेची, वारा सुटला की बोट बंद. तिथे आयोस यानिसच्या किनाऱ्यावर जायला रस्ता संपल्यावर चालावं लागतं, आणि वाळूवर वाकड्यातिकड्या जुनिपरच्या झाडांच्या सावलीत माणसं विवस्त्र पहुडलेली असतात. वाटलं होतं, सगळी तरुण, घोटीव अंगाची असतील. होती ती सुटलेल्या पोटांची, पांढऱ्या केसांची, गुडघे दुखणारी. माझ्या वयाची एक बाई पुस्तक वाचत बसली होती. छातीच्या एका बाजूला ऑपरेशनचा आडवा व्रण, त्यावर ऊन. तिने पान उलटलं, मान खाजवली, पुन्हा वाचायला लागली. मी सवयीने चारी बाजूंना नजर फिरवली, कुणी बघत नाहीये ना म्हणून. कुणीच बघत नव्हतं. त्या अख्ख्या किनाऱ्यावर बघणारी एकटी मीच होते.

मग मी कपडे काढून पाण्यात गेले. पाणी गार होतं. जन्माचं काही उजळेल वाटलं होतं, पण थोड्याच वेळात मी संध्याकाळी भात मिळेल का याचा विचार करत होते. बाहेर आले तर लेक वाळूत झोपून गेलेली. दुपारी तीच माणसं अंगाला पंचे गुंडाळून खानावळीत आली, कारण तिथे गावातली माणसंही जेवतात. किनारा कुठे संपतो हे त्यांना पाटीशिवाय कळत होतं. ग्रीसचा कायदासुद्धा विवस्त्र वावराला ठरवून दिलेल्या जागीच परवानगी देतो. बाकी ठिकाणी चालतं ते या असल्या समजुतीवर.

८. आपल्याकडे ही समजूत नाही असं म्हणणार होते, तर एका खारवी आजोबांनी मला गप्प केलं. ग्रीसहून परत आल्यावर मैत्रीण आणि मी गोकर्णाला गेलो. भल्या पहाटे, साध्या पोहण्याच्या पोशाखात, पण पहिल्यांदाच त्यावर टी-शर्ट न चढवता. आजोबा होडीच्या आडोशाला जाळं विणत होते. आम्हाला बघताच त्यांनी बूड उचललं, वळून समुद्राकडे पाठ केली आणि पुन्हा सुई चालवायला लागले. पाठ तशीच ठेवून कोकणीत बजावलं, की डाव्या खडकापाशी पाणी ओढतं, तिकडे जाऊ नका. दरवर्षी शहरातली पोरं तिथे बुडतात, हेही वर ऐकवलं. आम्ही उजवीकडे राहिलो. मला हव्या होत्या त्या निर्जन खाचेत हा इशारा द्यायला कोण असणार होतं? तिथे ना लाल बावटा, ना जीवरक्षक, ना पाठ फिरवून काळजी करणारं कुणी.

९. तर, किनारा. मी आता तो शोधत नाही. माणूस नसलेली जागा मला कधीच नको होती. हवी होती ती न बघणारी माणसं. ती गाव्दोसला भेटली, तशी गोकर्णालाही भेटली, आणि आमच्या वेंगुर्ल्याच्या पंच्याआडही होती; पंचा धरणारी काकू नेहमी दुसरीकडेच बघायची. तुम्हाला कदाचित समुद्रात उतरायचं नसेल. स्लीव्हलेस घालायचं असेल, पांढरे केस रंगवायचं सोडायचं असेल, लग्नात नाचायचं असेल. प्रश्न तोच पडणार. तेव्हा एवढंच म्हणेन, की पुढच्या खेपेला किनाऱ्यावर कुणी बाई तुमच्या मते नको तशी भिजत असेल, तर मोबाइल खिशात ठेवा आणि दुसरीकडे बघा. बघायला समुद्र आहे, पुष्कळ आहे.