गडवाटेवरचा दुसरा कॅमेरा

प्रश्न : माझा फुल-फ्रेम कॅमेरा भिंगासह दीड किलोचा भरतो. हरिहर, साल्हेरच्या चढाईसाठी हलका, लहान असा दुसरा कोणता घ्यावा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : हरिहरच्या जवळजवळ उभ्या कातळपायऱ्या चढताना दोन्ही हातांची बोटे खोबणींत रुतवावी लागतात आणि अशा समयी गळ्यात झुलणारे दीड किलोचे यंत्र कातळावर आपटून चढणाऱ्याचा तोलही बिघडवते. सबब जो खिशात मावेल आणि वजनाने तीनशे ग्रॅमच्या आसपास असेल, अशाच कॅमेऱ्याची मी निःसंकोच शिफारस करीन. संवेदकाच्या आकारमानाची बाब मात्र नजरेआड करू नये. एक इंची म्हणविला जाणारा संवेदक वस्तुतः १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या ३६ × २४ मिलिमीटरच्या संवेदकाच्या सातव्या हिश्शाहूनही लहान असतो; तो भर उन्हात उत्तम चित्र देतो, परंतु पांडवलेण्यांच्या अंतर्भागातील मंद प्रकाशात त्याचे चित्र दाणेदार होऊ लागते. रिकोह जीआर-३ (२५७ ग्रॅम) यातील संवेदक याहून तिपटीने मोठा, पण भिंग एकच, फुल-फ्रेमच्या हिशेबाने २८ मिलिमीटरचे. उलट एक इंची संवेदकाचा सोनी आरएक्स-१०० मार्क-७ (३०२ ग्रॅम) त्याच हिशेबाने २४ ते २०० मिलिमीटरपर्यंत पोहोचतो.

साल्हेरच्या १५६७ मीटर उंचीवरून मांगी-तुंगीचे सुळके जवळ आणण्याचा आनंद ज्याने एकदा घेतला, त्याला त्या लांब पल्ल्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आपल्यासाठी मी सोनीच निवडीन. दोहोंपैकी एकही जलरोधक नाही, तेव्हा पावसाळ्यात ब्रह्मगिरीकडे निघताना घट्ट मिटणारी प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या अवश्य जवळ बाळगाव्यात.