सकाळी गाडी उचलत नाही : आधी तपासणी, मग खरेदी

फजरची नमाज आटोपून आपले फळवाले, भाजीवाले, बेकरीवाले भाऊ टेम्पोकडे वळतात. किल्ली फिरवली की सेल्फ दोनदा कण्हतो आणि थांबतो. धक्का मारायला माणसे जमवेपर्यंत बाजाराची वेळ टळते, माल उतरलेल्या भावाने विकावा लागतो. संध्याकाळी मिस्त्री सांगतो, 'बॅटरी बदला.' नवी बॅटरी बसते, आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रकार सुरू. यात व्यापाऱ्याचा पैसा जातो आणि मिस्त्रीची पत जाते. म्हणून आज आम्ही हा विषय दोघांसाठी मांडत आहोत. उदाहरण डिझेलच्या छोट्या टेम्पोचे घेतले आहे, पण बॅटरी व सेल्फची तपासणी इतर गाड्यांनाही लागू आहे.

सर्वप्रथम एकच प्रश्न विचारावा : सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते की मंद? मंद फिरत असेल तर दोष विजेच्या बाजूला शोधावा. जोरात फिरूनही गाडी उचलत नसेल तर डिझेल, हवा आणि उष्णता यांच्याकडे पाहावे. एवढा भेद केला तरी निम्मे काम होते.

इंजिन मंद फिरत असेल तर

साधा मल्टीमीटर जवळ असावा. पहाटे गाडी सुरू करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावून पाहावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.

आता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने मीटर पाहावा. भरलेल्या बॅटरीचा आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढत आहे. आकडा १०.५ च्या वर टिकूनही सेल्फ मंद फिरत असेल तर बॅटरीला दोष देऊ नये. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावून पुन्हा सेल्फ मारावा. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची तार, तिचा बोल्ट किंवा टर्मिनल गंजले आहे. पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वर थोडे ग्रीस लावले की बहुधा काम होते. तारही बरी निघाली तर सेल्फ उतरवून पाहावा.

बॅटरी रात्री भरलेली आणि सकाळी उतरलेली, असे होत असेल तर रात्री निगेटिव्ह तार काढून ठेवावी. सकाळी आकडा टिकला तर गाडीतील टेप, जादा दिवे किंवा एखादी चुकीची वायर रात्रभर करंट खात आहे. तार काढूनही आकडा घसरला तर बॅटरीच करंट धरत नाही. तेव्हाच नवी घ्यावी. घेतल्यावर इंजिन चालू ठेवून मीटर पाहावा. १३.८ ते १४.५ दिसत नसेल तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाही, आणि नवी बॅटरीही बसून जाईल.

थंडीत ही तक्रार वाढते, कारण इंजिन ऑईल घट्ट होते व बॅटरीची ताकद घटते. पण बॅटरी झिजते ती मुख्यतः उन्हाळ्यातील उष्णतेने. निफाड-नाशिककडच्या डिसेंबरात फक्त तिचे दुखणे उघडे पडते.

इंजिन जोरात फिरूनही उचलत नसेल तर

सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचत आहे, पण पेटत नाही. अशा वेळी हीटर प्लग तपासावेत. तार काढून मीटरने रोध मोजावा. चांगल्या प्लगचा रोध फार थोडा, एक ओहमच्या आसपास असतो. मीटर काहीच जोडणी दाखवत नसेल तर तो प्लग जळाला. सगळे प्लग चांगले असतील तर त्यांचा फ्यूज व रिले पाहावा.

धूर मुळीच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. फिल्टरवरचा हातपंप दाबून सेल्फ मारावा. गाडी लगेच उचलली तर रात्रीत लाईनमध्ये एअर शिरली आहे. पाईपचे जोड, वॉशर, फिल्टरचे रबर तपासावे. जिथे ओल दिसते तिथे दोष असण्याचा संभव जास्त. हे सर्व ठीक असेल तरच कॉम्प्रेशन मोजायला घ्यावे. इंजिन उघडण्याचा खर्च सर्वांत शेवटी.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरू नये, आणि हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये. दोन्हींत जिवाला धोका आहे. सेल्फही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे.

मिस्त्री बंधूंना दोन शब्द

समजा, दोष गंजलेल्या अर्थिंगचा आहे आणि आपण नवी बॅटरी विकली. गिऱ्हाईकाला हे कळणार नाही, पण अल्लाहपासून ते लपत नाही. पवित्र कुरआनच्या ८३ व्या सूरहमध्ये मापात कमी देणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. न लागणारा पार्ट गळ्यात मारणे हेही मापात कमी देणेच आहे, असे आम्ही समजतो. तपासणीत वेळ आणि कसब लागते. तिची मजुरी आधी सांगून उघडपणे घ्यावी. मीटरचा आकडा गिऱ्हाईकाला दाखवावा, काढलेला पार्ट त्याच्या हाती द्यावा.

व्यापारी बंधूंनीही 'काही बदलले नाही, मग पैसे कसले?' असे म्हणू नये. दोष शोधणे हेच कारागिराचे खरे काम आहे. त्या मजुरीत घासाघीस केली तर तो पुढच्या वेळी पार्ट विकूनच पोट भरेल. दोन्ही बाजूंनी सचोटी राखली तर पहाटेचा माल वेळेवर बाजारात पोहोचेल आणि दोघांच्या कमाईत बरकत राहील, इन्शाअल्लाह.