पत्ता आपला, पेटी कोणाची?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरचा पत्ता आजोबांच्या काळापासून एकच : मु. मारुंजी, ता. मुळशी, जि. पुणे. पोस्टमन किती आले नि गेले, पत्ता बदलला नाही. कॉलेजात आल्यावर मात्र दुसराही एक पत्ता लागू लागला, तो ईमेलचा. शेजारच्या हिंजवडीत काचेच्या इमारतींतून सारा कारभार ईमेलवर चालतो; पण आमच्या घरात तो कोणालाच ठाऊक नव्हता.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी एका केंद्रात गेले. तिथल्या माणसाने माझ्या नावाने ईमेल उघडला, त्याला स्वतःचाच मोबाइल क्रमांक जोडला आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. पुढे चिठ्ठी हरवली, त्याचा क्रमांकही बदलला. अर्जातील त्रुटी दुरुस्त करण्याचे पत्र त्याच पेटीत येऊन पडले होते, हे मला मुदत टळल्यावर कळले. त्या वर्षीची शिष्यवृत्ती बुडाली. वडील कंपनीच्या बसवर चालक आहेत. त्यांनी पगारावर उचल घेऊन फी भरली. सारी हकिकत ऐकून आजी म्हणाली, "पेटी तुझी नि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, हे कसलं गं शिक्षण?"

त्या एका प्रश्नामुळे मी या विषयाचा अभ्यास केला. तो माझ्यासारख्या इतरांच्या उपयोगी पडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम दोन गोष्टींतला भेद समजून घेऊ. ईमेलची सेवा म्हणजे टपालघर. आपली पत्रे तिथे साठतात. ज्या साधनाने आपण ती वाचतो, ती नुसती खिडकी. जीमेल, आउटलुक, रेडिफमेल, झोहो, प्रोटॉन ही टपालघरे झाली. थंडरबर्ड ही खिडकी; ती २००४ पासून फुकट मिळते आणि २०२४ पासून अँड्रॉइड मोबाइलवरही आली आहे. टपालघर न बदलता खिडकी बदलता येते, हे पुष्कळांना माहीत नसते.

असे का जमते? १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडले, तेव्हा माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये '@' हे चिन्ह घातले. पुढे १९८२ साली पत्रे पोचवण्याचे सामाईक नियम ठरले. म्हणून एका कंपनीच्या पेटीतून दुसरीच्या पेटीत पत्र बिनदिक्कत जाते. पत्रे वाचण्याच्याही दोन रीती आहेत. 'पॉप' रीतीत पत्र आपल्या यंत्रावर उतरवून घेतले जाते. 'आयमॅप' रीतीत ते टपालघरातच राहते आणि आपण कोणत्याही यंत्रावरून पाहतो. काही सेवांच्या फुकट खात्यात ही सोय नसते, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

आता टपालघर निवडायचे कसे? पहिला प्रश्न : खर्च कोण करतो? सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी १९९६ साली हॉटमेल फुकट दिली. पुढच्याच वर्षी ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. २००४ मध्ये जीमेल आली. जाहिराती निवडण्यासाठी पत्रांतील मजकूर यंत्राकरवी तपासण्याची पद्धत तिने २०१७ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले. फुकटाची किंमत कोणीतरी मोजतच असते.

दुसरा प्रश्न : पत्र कोण वाचू शकतो? स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन पत्रे कुलूपबंद ठेवते. परंतु तिथून साध्या पेटीत पाठवलेले पत्र पलीकडे साधेच होऊन पडते. कुलूप दोन्ही बाजूंना हवे.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा : उद्या निघायचे झाले तर? केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला ईमेल झोहो या भारतीय सेवेवर नेला, तेव्हा त्यांनाही नवा पत्ता जाहीरपणे कळवावा लागला. कारण ईमेलच्या पत्त्यात '@'च्या पुढे टपालघराचेच नाव असते. आमच्या मारुंजीच्या पत्त्यात पोस्टमनचे नाव कधी नव्हते! यावर उपाय म्हणजे स्वतःचे डोमेन नाव घेणे. त्याचे भाडे दरवर्षी भरावे लागते, पण मग टपालघर बदलले तरी पत्ता तोच राहतो. २०१४ पासून देवनागरीतील '.भारत' हे नावही मिळते. मात्र मराठी अक्षरांतला ईमेल पत्ता अजून कित्येक अर्जांत घेतला जात नाही.

मी स्वतः काय केले? डोमेनचे भाडे आज परवडत नाही. म्हणून जीमेलच ठेवली, पण खाते नवे उघडले, माझ्या क्रमांकावर, माझ्या हाताने. दुहेरी पडताळणी लावली आणि संकटकाळचे कोड कागदावर लिहून आईच्या ट्रंकेत ठेवले. घरच्या जुन्या संगणकावर थंडरबर्ड घातले. आयमॅपमध्ये पत्र टपालघरातून पुसले की इथूनही पुसले जाते. म्हणून महत्त्वाच्या पत्रांची प्रत मी त्यातल्या स्थानिक कप्प्यात काढून ठेवते. शिवाय खाते मधूनमधून उघडते, कारण दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले आहे.

ज्यांना सेवाच बदलायची आहे, त्यांनी जुनी पेटी लगेच बंद करू नये. बँक, कॉलेज, शिष्यवृत्ती अशा सर्व ठिकाणी नवा पत्ता कळवावा, जुन्या पेटीतील पत्रे नवीकडे वळवावीत आणि निदान वर्षभर दोन्ही सांभाळाव्यात.

यंदा अर्ज भरायच्या दिवसांत आळीतल्या चार मुली माझ्याकडे आल्या. मी त्यांचे खाते उघडून दिले नाही. शेजारी बसले आणि त्यांच्याच मोबाइलवर त्यांच्याकडूनच उघडवले. पासवर्ड लिहिताना मी तोंड फिरवून बसले. आजी ओसरीवरून पाहत होती. ती म्हणाली, "आता किल्ली ज्याची त्याच्याकडे राहिली."

यंदाचे त्रुटीचे पत्र मला त्याच दिवशी मिळाले. दुरुस्ती मुदतीत झाली.